बाहेर गेलेल्याची खुर्ची

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर इतका संतापला, की त्याने भर दुपारी गुरूच्या टेबलावर मूठ आपटली. टेबलावरचा पेला कलंडला आणि पाणी गुरूच्या मांडीवर सांडले. गुरूने खिशातून रुमाल काढला, मांडी पुसली आणि विचारले, “ते सगळं ठीक. पण बाहेर कोण आहे?”

या प्रश्नापायीच तर शिष्याचे डोके फिरले होते.

हे गुरुशिष्य कुठल्या आश्रमातले नव्हते. एका शहरात, एका व्यापाऱ्याच्या पदरी दोघे नोकरीला होते. व्यापारी साठवणयंत्रे विकत असे. रुग्णालये, पतसंस्था, महाविद्यालये यांची सारी माहिती ज्यांत वर्षानुवर्षे सुखरूप राहावी, अशी डिस्कनी भरलेली कपाटेच ती. अशा यंत्राच्या गाभ्याला ही मंडळी कर्नल म्हणतात, आणि त्या गाभ्यात ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम असतो. डिस्कशी जे काही बोलायचे ते त्याने. मोटारीच्या ड्रायव्हरशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. मात्र डुलकी लागली तर दोघेही माणसे मारू शकतात.

आता दुखणे काय होते, ते सांगतो. डिस्क जोडली, की ड्रायव्हर तिच्यासाठी यंत्राच्या स्मृतीत एक जागा मागून घेतो. तिची खोलीच म्हणा. डिस्क काढली, की ती खोली परत करायची, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला मिळते. इथवर काही वावगे नाही. पण डिस्कच्या कामावर निरोपे सुटलेले असतात. ‘हे लिहून ये’, ‘ते झाले का पाहून ये’, ‘नसेल झाले तर थोड्या वेळाने पुन्हा जा’. असा एखादा निरोप्या बाहेर असतानाच डिस्क सुटली, खोली दुसऱ्याला दिली गेली आणि हा बापडा जुना पत्ता खिशात घेऊन परतला, तर काय होईल? तो सरळ आत शिरतो आणि पहिल्याचा निरोप दुसऱ्याच्या खोलीत लिहून मोकळा होतो. कुठे घंटा वाजत नाही, की तांबडा दिवा लागत नाही. सगळे सुरळीत चालले आहे, असेच दिसत राहते.

डोंगरापलीकडच्या एका गावातल्या रुग्णालयात नेमके हेच घडले. वीज लुकलुकली, एक डिस्क क्षणभर सुटली आणि पुन्हा जोडली गेली. तेवढ्या अवकाशात एका रुग्णाचा रक्तगट दुसऱ्याच पानावर जाऊन बसला. ते पान एका बाळंतिणीचे होते. रक्तपेढीतल्या मुलीने पिशवी देण्यापूर्वी रक्त जुळवून पाहिले, म्हणून ती बाई वाचली आणि तिचे लेकरू पोरके झाले नाही.

ड्रायव्हरचा तो भाग शिष्याने लिहिला होता. बातमी ऐकताच तो उठून उभा राहिला. हे मीच निस्तरणार, असे त्याने सर्वांदेखत सांगितले आणि तो कामाला लागला. प्रथम त्याने खोली कधी परत करायचीच नाही, असे ठरवले. दोनच दिवसांत यंत्र तुडुंब भरले आणि बसले. मग त्याने डिस्क सुटल्यावर पाच सेकंद थांबून खोली परत करण्याची सोय केली. त्यावर आणखी एक राखण बसवली. परतलेल्या निरोप्याने आत शिरण्यापूर्वी खोलीत वस्ती आहे का, ते पाहायचे. वस्ती असेल तरच लिहायचे, नसेल तर मुकाट्याने परतायचे. त्याने दिवसभर डिस्क काढल्या, घातल्या, काढल्या, घातल्या. एकदाही चूक झाली नाही.

गुरूने ती दुरुस्ती वाचली आणि खाली एवढेच लिहून परत पाठवली, की बाहेर कोण आहे?

शिष्याने उत्तर लिहिले, ‘कोणी नाही. दिवसभर तपासले आहे.’ दुरुस्ती पुन्हा परत आली. प्रश्न तोच. गुरूच्या संमतीवाचून ड्रायव्हरमधले एक अक्षरही गिऱ्हाइकाकडे जात नसे, हा त्या कचेरीचा रिवाज होता, आणि म्हातारा त्या रिवाजाला मुंगळ्यासारखा चिकटून बसला होता. तिकडे व्यापाऱ्याने रुग्णालयाला परस्पर शब्द देऊन टाकला, की दुरुस्ती आज संध्याकाळी येते आहे, तोवर यंत्र बिनघोर चालू ठेवा.

म्हणून ती मूठ आपटली गेली होती.

“बाहेर चहावाला आहे!” शिष्य ओरडला. “बाहेर ऊन आहे, बाहेर कुत्री आहेत! सर, तुम्हाला माझं काम कळत नाहीये, की कळूनसुद्धा अडवायचंय? चूक होत नाहीये! दाखवा मला कुठे होतेय ती!”

त्याच वेळी व्यापारी आत आला. तोही धुमसतच होता. “काय गोंधळ आहे? काम झालंय का नाही?”

“झालंय, शेठ. सर संमती देत नाहीत.”

व्यापारी गुरूकडे वळला. “तुमच्या या सोवळ्यापायी माझं दुकान बुडायची वेळ आलीय. पोरगा म्हणतोय ना झालंय म्हणून? मग जाऊ द्या ना! संध्याकाळपर्यंत थांबतो. मग तुमची संमती गेली खड्ड्यात.” एवढे बोलून तो तरातरा सभाकक्षात गेला आणि तिथे फोनवर कुणाला तरी ओरडू लागला.

शिष्याच्या मनाला जरा गारवा वाटला. कुणीतरी म्हाताऱ्याला सुनावले, हेही काही थोडे नव्हते.

गुरू उठला. त्याने खिशातून पैसे काढून शिष्याच्या हातावर ठेवले. “मंडईतून एक झेंडूचा हार आण. पेढे आण. शेठनी नवी शाखा काढली, आपण साधं अभिनंदनसुद्धा केलं नाही त्यांचं. सभाकक्षात खिडकीकडे तोंड केलेली उंच पाठीची खुर्ची आहे ना, त्यावर बसलेत ते. परत आलास की थेट तिथे जा. खुर्ची रिकामी आहे का, एवढंच बघ. रिकामी असली तर परत फिर. नसली तर हार घाल, पेढा हातावर ठेव, ‘अभिनंदन, अशीच भरभराट होवो’ म्हण आणि ये.”

शिष्य त्याच्याकडे पाहतच राहिला. एका बाईचा जीव जाता जाता राहिला होता, नोकरीवर गंडांतर आले होते, आणि या माणसाला हार सुचत होते!

“परत आलास की तुझ्या दुरुस्तीचा निकाल लावतो,” गुरू म्हणाला. “आजच.”

तेवढ्या एका वाक्यासाठी शिष्य निघाला. वाटभर तो मनातल्या मनात गुरूला शिव्या घालत होता. वय झाले की माणसाने घरी बसावे, नातवंडे सांभाळावीत, दुसऱ्यांची वाट अडवू नये. मंडईत त्या दिवशी लग्नतिथीची गर्दी होती. हारवाली घाई करीना आणि पेढेवाल्याकडे सुटे पैसे निघेनात. त्यामुळे त्याचा पारा आणखीच चढला. परतला तेव्हा त्याच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि कधी एकदा हे नाटक उरकतो, असे त्याला झाले होते.

सभाकक्षाचे दार उघडे होते. उंच पाठीच्या खुर्चीच्या कडेने एक कोपर बाहेर आलेले त्याने पाहिले. खुर्ची रिकामी नव्हती. तो मागून गेला, हार डोक्यावरून खाली सोडला, हात पुढे करून पेढा धरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, “अभिनंदन! अशीच भरभराट होवो!”

खुर्ची गर्रकन फिरली. खुर्चीत पांढऱ्या साडीतली, पन्नाशीची एक बाई होती. गळ्यात झेंडूचा हार, आणि डोळ्यांत असा जाळ, की शिष्य दोन पावले मागे सरला.

“कसलं अभिनंदन?” बाई म्हणाली. आधी हळू, मग तिचा आवाज चढत गेला. “कसलं रे अभिनंदन? माझी बाळंतीण मरता मरता राहिली, त्याचं? दोन एस्ट्या बदलून आले मी, तुम्हाला तोंडावर विचारायला, की तुमच्या त्या कपाटात आमची माणसं ठेवावीत का नाही! आणि तुम्ही हार घालता? पेढे वाटता? लाज आहे का जरा?”

तिने पेढा फेकून दिला. तो शिष्याच्या सदऱ्यावर आपटून खाली पडला. ही त्या रुग्णालयाची मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख होती.  मग शिष्याला दारात उभा असलेला गुरू दिसला.

“हे तुम्ही मुद्दाम केलंत!” तो गुरूवर गरजला. “शेठ कुठे आहेत? शेठ गेले हे मला सांगायला काय झालं होतं?”

“कसं सांगणार? तू बाहेर होतास.”

“मग यांना तरी त्या खुर्चीत बसवायचं नव्हतं!”

“शेठ उठून गेल्यावर मी लगेच नाही बसवलं. बाई आल्या होत्या. त्यांना मी पाव तास दारात ताटकळत उभं ठेवलं, खुर्ची तशीच ठेवली. तुझा ड्रायव्हर जितपत थांबतो, तितपत मीही थांबलो. मग बसवलं. तुला मंडईत त्याहून उशीर झाला.”

“पण मी बघितलं होतं!” शिष्य हट्टाने म्हणाला. “आत शिरताना बघितलं मी. खुर्ची रिकामी नव्हती!”

“तुझा निरोप्याही हेच म्हणेल,” गुरू म्हणाला.



आणि मग त्या कचेरीत कुणी कधी पाहिले नव्हते ते घडले. म्हातारा संतापला. त्याचा आवाज मात्र चढला नाही. “दिवसभर डिस्क काढल्यास, घातल्यास, आणि चूक झाली नाही, म्हणून तू मूठ आपटलीस. अरे, चूक गेली नाही, ती तू विरळ केलीस! रोज होणारी चूक रोज दिसते, तिला कुणीही पकडतं. तू तिला वर्षातून एकदा यायला शिकवलंस. तीही अशा वेळी, की जेव्हा मंडईत गर्दी असेल, डिस्क म्हातारी झाली असेल, निरोप्याला उशीर झाला असेल. तेव्हा पलीकडे रक्त जुळवून बघणारी पोरगी असेलच, असं तुला कुणी लिहून दिलंय? खोलीत वस्ती आहे का, हे तू बघतोस. कुणाची आहे, हे तुला बाहेरून कसं कळणार? आणि विचारायला आत शिरलास, की उंबरा ओलांडलाच तू. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट विचारतोय. जागा सोडताना बाहेर कोण आहे? तुला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं ते नव्हतं, वर तू ‘कोणी नाही’ असं लिहिलंस!”

शिष्याने वाकून खाली पडलेला पेढा उचलला. मग तो म्हणाला, “मी निघायच्या आधीच ती खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवायला हवी होती.”

“आधीच कशाला? परत आल्यावर धर की.”

“परत येईपर्यंत ती दुसऱ्याची झालेली असते. धरायची ती निघायच्या आधी. जो पाठवतो त्याने धरायची. आणि मी येऊन ‘आलो’ म्हटल्याशिवाय सोडायची नाही. चार जण बाहेर असले तर चौघंही येईपर्यंत नाही. शेवटी जो येईल त्याने दिवा मालवायचा.”

“आणि डिस्क सुटल्यावर?”

“आधी नवे निरोपे पाठवणं बंद. मग बाहेरच्यांची वाट. त्यानंतर खोली परत.”

“हं,” गुरू म्हणाला आणि बाजूच्या खुर्चीत बसला. 

“तुमचं झालं का?” मेट्रन म्हणाली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. “म्हणजे माझ्या बाळंतिणीच्या जिवावर तुम्ही इथे शिकवणी घेतलीत. आणि मला पाव तास दारात उभं केलंत, ते या पोराला धडा द्यायला?”

गुरूने हात जोडले. “हो बाई. चुकलो. तुम्ही रागवा.”

“रागावलेच आहे! तुमच्या परवानगीची वाट नाही बघत मी!”

एवढ्यात व्यापारी फोन खिशात टाकत आत आला. बाईच्या गळ्यातला हार पाहून तो गोंधळला, पण व्यापारीच तो, लगेच सावरला. “या, या बाई! अगदी योग्य वेळी आलात. दुरुस्ती तयार आहे. संध्याकाळी बसवून देतो. यंत्र चालू ठेवलंत ना? काही काळजी करू नका.” मग शिष्याकडे झुकून तो हळूच म्हणाला, “आत्ता आहे ते पाठव. पुढचं पुढे.”

सकाळी हे शब्द ऐकून शिष्य आनंदाने नाचला असता. आता त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चालतंय ना, मग चालू दे. हे वाक्य आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असते आणि त्याची किंमत चुकवायला दरवेळी दुसराच कुणी पुढे येतो. इथे तर ती चुकवायला एक बाळंतीण निघाली होती, आणि ती कुठल्या गावची, काय नावाची, हेही व्यापाऱ्याला किंवा शिष्याला माहीत नव्हते.

“नाही,” शिष्य म्हणाला.

“काय नाही?”

“दुरुस्ती तयार नाही, शेठ. मी तयार आहे म्हणालो ते चूक होतं.” मग तो मेट्रनकडे वळला.  “बाई, ते यंत्र आत्ता बंद करायला सांगा. इथूनच फोन करा. मी कळवेपर्यंत रक्तगट कागदावर लिहा, आणि आत जे लिहिलेलं आहे ते प्रत्येकाचं पुन्हा तपासा. तो भाग मी लिहिलाय. चूक माझी आहे.”

व्यापाऱ्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “गिऱ्हाइकासमोर? माझ्याच कचेरीत, गिऱ्हाइकासमोर? उद्यापासून येऊ नकोस तू!”

“उद्यापासून नाही येणार. पण हे पुरं करूनच जाईन,” शिष्य म्हणाला. “मी निघालो आणि जागा दुसऱ्याला दिलीत, तर अर्धवट काम जुन्या पत्त्यावर हिंडत राहील.”

गुरूने व्यापाऱ्याकडे पाहिले. “शेठ, याला काढलंत तर संमती द्यायला मीही नसेन. मग तुमचं तुम्ही वाचा आणि तुमचं तुम्ही पाठवा.”

व्यापाऱ्याने दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या, दार आपटले आणि तो निघून गेला. त्याने कुणालाच काढले नाही. त्याला ड्रायव्हर वाचता येत नव्हता.

मेट्रनने तिथूनच रुग्णालयात फोन करून यंत्र बंद करवले. मग गळ्यातला हार काढला आणि शिष्याच्या खुर्चीच्या पाठीवर अडकवला. “हा इथेच राहू दे,” ती म्हणाली. “सुकला तरी काढायचा नाही. मी येऊन काढीन.”

त्यानंतर शिष्याने ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. जिथे म्हणून एखादा निरोप्या बाहेर पडत होता, तिथे तो थांबे आणि स्वतःलाच विचारी, बाहेर कोण आहे? जाण्यापूर्वी जागा कुणी धरली? परत आल्यावर कुणी सोडली? वाटेत अडखळला, काम न करताच परतला, तरी ‘आलो’ म्हणतो ना? एकेका प्रश्नासरशी त्याला आपल्याच जुन्या बेपर्वाईचा राग येत होता आणि तो राग त्याला जागचा हलू देत नव्हता. सगळे झाले असे वाटले, तेव्हा त्याने पुन्हा एकदा वाचले. तेव्हा त्याला एक निरोप्या सापडला, जो आजवर कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. एखादा निरोप्या परतला नाही, तर त्याला शोधायला जो जाई, तो हा. त्याच्यासाठी जागा कुणीच धरली नव्हती. त्या बाळंतिणीचे पान याच निरोप्याने बिघडवले असणार, हे शिष्याला तत्क्षणी उमगले. तो डोके धरून बसला आणि मागच्या झेंडूच्या सुक्या पाकळ्या त्याच्या खांद्यावर पडल्या.

गुरूने नवी दुरुस्ती सावकाश वाचली. या वेळी त्याने खाली काही लिहिले नाही. शिष्याला बोलावून तोंडीच विचारले, “बाहेर कोण आहे?”

“जो असेल त्याची जागा धरलेली आहे,” शिष्य म्हणाला.

गुरूने संमती दिली.

मेट्रन पुन्हा दोन एस्ट्या बदलून आली. कुणाच्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नव्हती, आणि तिचे काही चुकत नव्हते. कचेरीतले एक यंत्र कामात गढलेले असताना तिने स्वतःच्या हाताने डिस्क ओढून काढली. पडद्यावर लगेच काहीच उमटले नाही. यंत्र क्षणभर गप्प राहिले, मग आणखी क्षणभर, आणि मग डिस्क सुखरूप निघाल्याची ओळ आली.

“एवढा वेळ कशाला लागला?” तिने दरडावून विचारले.

“एक जण बाहेर होता,” शिष्य म्हणाला. “तो येईपर्यंत थांबलं.”

मेट्रनने डिस्क परत घातली, पुन्हा ओढली, पुन्हा घातली. असे तिने मन भरेपर्यंत केले. नंतर ती शिष्याच्या खुर्चीपाशी गेली, सुकून काळा पडलेला हार काढला आणि कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. जाताना ती दारात थांबली.

“त्या बाळंतिणीचं नाव सुगंधा,” ती म्हणाली. “मुलगी झालीय तिला. परवा बारसं आहे. या वेळी पेढे घेऊन आलास, तर कुणी फेकणार नाही.”

शिष्याने मान हलवली. गुरू खिडकीबाहेर पाहत होता, त्याने मागे वळून पाहिले नाही.

घर असो, कचेरी असो वा यंत्राचा गाभा असो. जागा सोडून देण्यापूर्वी आपण कामावर धाडलेले कोण अजून बाहेर आहे, एवढे ज्याने त्याने आपल्यापुरते विचारावे.